एकाच जानेवारीतले दोन निकाल

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गावात एकच विषय तापला. पाझर तलावाच्या वरच्या अंगाला, गायरानात, पारध्यांची पिढी आहे, ती उठवायची. (धाराशिवकडं पारध्यांच्या वस्तीला पिढीच म्हणतात.) ठराव घरून लिहूनच आणलेला. वाचून झाला तसा एका पोरानं मोबाइल वर धरला. "सुप्रीम कोर्टाचा निकाल हाये. गायरानावरलं समदं अतिक्रमण काढायचं. आता कुणाचं काय चालत न्हाई." तो निकाल आदल्या रात्रीच गावच्या ग्रुपवर फिरला होता. मागून कुणीतरी बोललं, "जातीचेच चोर हायेत ते. त्यांना घर काय न् दार काय." या वाक्यावर साऱ्या सभेत कुणी हूं की चूं केलं नाही.

मी तालुक्याला वकिली करते, मत अजून गावातच आहे. उठून बोलले तर एक नात्यातलेच काका म्हणाले, "वकीलताई, तुमचं ते कोर्टात. हितं गावाचं बघू द्या." म्हणून जे तिथं पुरतं बोलू दिलं नाही ते इथं लिहिते.

आधी तो निकाल. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य, २८ जानेवारी २०११. गावाच्या सामाईक जमिनी धनदांडग्यांनी बळकावल्या, त्या मोकळ्या करा असं न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं. आपल्या शासनानं १२ जुलै २०११ ला त्यावर निर्णयही काढला. इथपर्यंत त्या पोराचं बरोबर आहे. पण त्याच निकालात शेवटाकडं लिहिलंय की अपवाद म्हणून काही ठिकाणी नियमित करता येईल. सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिली असेल, शाळा-दवाखाना असेल, तिथं. ग्रुपवर फिरलेल्या फोटोत ते पान नव्हतं. गेल्या साली सौर प्रकल्पाला याच गायरानातली जमीन द्यायचा ठराव झाला, तेव्हा जगपालसिंगचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं.

त्याच महिन्यात, ५ जानेवारी २०११ ला, त्याच दोन न्यायमूर्तींनी, मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी, आणखी एक निकाल दिलाय. तो आपल्याच भागातला, आपल्याच औरंगाबाद खंडपीठावरून वर गेलेला, आणि तो कुणाच्याही मोबाइलमध्ये मला आजवर दिसला नाही. कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नगर जिल्ह्यातल्या एका गावात १९९४ साली भिल्ल समाजाच्या एका तरुण बाईला मारहाण करून, कपडे फाडून, नागवं करून गावातून फिरवलं. खालच्या कोर्टानं आरोपींना ॲट्रॉसिटीतही दोषी धरलं. हायकोर्टानं बाकीची कलमं कायम ठेवली, पण ॲट्रॉसिटीतून त्यांना सोडलं, कारण जातीचा दाखला कागदोपत्री शाबीत झाला नव्हता. सुप्रीम कोर्टानं त्यावर उघड नाराजी लिहिली. पुढं न्यायमूर्तींनी सविस्तर मांडलं की आदिवासी हे या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत, त्यांच्यावर हजारो वर्षं अन्याय झालाय, आणि एकलव्याचा अंगठा मागणं हे द्रोणाचार्यांचं लाजिरवाणं कृत्य होतं. कोर्टाच्या कागदावर हे शब्द आहेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा बार रूममध्ये बसून मोठ्यानं वाचून दाखवले होते.

तो दाखल्याचा मुद्दा मी रोज बघते. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतो, राजपारधी विमुक्त जातीत, म्हणजे इंग्रजांच्या गुन्हेगार यादीतून पुढं मोकळ्या झालेल्या जातींत. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्याचा बाप पालात जन्मला आणि आजा रानात वारला, त्याच्या जन्ममृत्यूची नोंद कुठल्या दप्तरात असणार? त्यात आपला मराठवाडा. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, जुनी दप्तरं उर्दूत, काही मोडीत, ती वाचणारा माणूस तहसीलला नाही. स्थानिक चौकशी करून दाखला देता येतो, नियमात सोय आहे. पण ती चौकशी करायला तलावाच्या पलीकडं जावं लागतं, आणि तिकडं जायला कुणी राजी नसतं.

आता "जातीचेच चोर" याबद्दल. ही समजूत काही आपल्या आजा-पणज्यांनी अनुभवातून घरी आणलेली नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला उत्तरेत, १९११ च्या कायद्यानं तो इकडंही लागू करता आला. निजामाच्या मुलखातही त्याच धर्तीचा कायदा आला. जमातीचं नाव एकदा यादीत चढलं की त्यात जन्मलेलं लेकरू मोठं होऊन काय करेल याची वाट बघायचीच नाही. अंगठे घ्यायचे, हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच होती, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सत्तर वर्षं उलटून गेली. आमच्या ग्रामसभेत बोललेलं वाक्य त्याच कायद्यातलं आहे.

आणि ते नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही. यात्रेच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर, कुठं घरफोडी झाली की पिढीवरून माणसं उचलली जातात. मग चॅप्टर केस, म्हणजे गुन्हा करू नये म्हणून आधीच केलेली कारवाई. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ११० कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२९. चांगल्या वर्तणुकीचा तीन वर्षांपर्यंतचा बाँड मागता येतो. बाँडला जामीनदार पाहिजे, जामीनदाराला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला. पारध्याला जामीन राहणारा सातबाराधारक मला अजून गावात शोधून सापडायचाय. माणूस आत राहतो, त्याची बायको रोज तहसीलच्या पायरीवर येऊन बसते, आणि गावात म्हणतात, बघा, ह्याला परत धरलं. धरलं म्हणून चोर, आणि चोर म्हणून धरलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केलेच, शिवाय विमुक्त जमातीच्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये असंही बजावलं. मी त्याची प्रत अर्जाला जोडते. कधी समोरचा वाचतो, कधी तशीच परत सरकवतो.

गावाची बाजू मला कळत नाही असं नाही. गायरान आधीच आकसलंय, जनावरं न्यायची कुठं हा खरा प्रश्न आहे. विहिरीवरची केबल चोरीला जाते, सोयाबीनची पोती जातात, ज्याची जातात त्याच्या पोटात आग पडते. माझ्या भावाचीही केबल गेलीय. पण मागच्या उन्हाळ्यात चोरलेल्या पाण्याच्या मोटारीसह धरला गेला तो पोरगा गावातल्या बऱ्या घरातला निघाला. तेव्हा सगळे म्हणाले, वाईट नादाला लागला बिचारा. त्याच्या जातीचं नाव कुणी घेतलं नाही, आणि घेऊही नये. पारध्याच्या पोराला एवढंच हवंय. दुसरं म्हणजे आमच्याच गावातले ऊसवाले-द्राक्षवाले रानाची राखण वर्षानुवर्षं कुणाला देतात? पिढीवरच्या माणसांना. रात्रभर माल त्यांच्या हवाली असतो.

लातूरची एक गोष्ट सांगते, ती माझ्या मनातून जात नाही. माझ्या एका पक्षकाराची लेक दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नीटच्या क्लासला घालायचं म्हणून खोली बघायला मी सोबत गेले. आडनाव पवार. घरमालकीणबाई बोलायला चांगल्या, चहा झाला, भाडं ठरलं, हातावर ॲडव्हान्स ठेवला. मग त्यांनी विचारलं, "पवार म्हणजे कुठले गं, आमच्यातले का?" मी काही म्हणायच्या आत पोरीनं सांगून टाकलं, "नाही काकू, आम्ही पारधी." बाईंचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही, शिवी नाही, काही नाही. "माझं काही नाही हो वकीलताई, पण बाकीच्या पोरींचे आईबाप ऐकायचे नाहीत." पैसे परत आले. हे "माझं काही नाही" मी शाळेत ऐकलंय, दवाखान्याच्या रांगेत ऐकलंय, मसणवट्यात पारध्याचं मढं आलं तेव्हाही ऐकलंय. शिवी देणाऱ्यावर निदान फिर्याद तरी देता येते. खोली पुढं एका निवृत्त गुरुजींनी दिली. पोरगी शिकतेय.

खाली जिना उतरताना तिनं मला विचारलं होतं, "मी सांगितलं नसतं तर चाललं असतं ना?" चाललं असतं, हे मी तिला सांगितलं. पण तिनं सांगितलं याचा मला अभिमान वाटला, तेही सांगितलं.

ग्रामसभेत ज्यांच्याबद्दल ठराव होता त्यांच्यातलं एकही माणूस हजर नव्हतं. मतदार यादीत त्यांची नावं आहेत, मतदानादिवशी त्यांना आणायला जीप जाते. सभेची दवंडी मात्र तलावाच्या अलीकडंच थांबते. मी सरपंचांना तेवढंच विचारलं, त्या लोकांना नोटीस गेली होती का? गेली नव्हती. तेवढ्यावर ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

ही घरं बहात्तरच्या दुष्काळातली आहेत. तलावाच्या कामावर माती वाहायला आली ती माणसं तिथंच राहिली, मागं थोडी जमीनही वहितीला आणली. भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची वहिती नियमित करायचा शासन निर्णय आहे. गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिच्या जुन्या वर्षांच्या नकलांसाठी मी अर्ज दिलाय. दंड भरल्याच्या दोन जुन्या पावत्या एका आजीनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात, त्याही कामाला येतील.

सव्वीस जानेवारीच्या सभेला दोन्ही निकालांचा मराठी गोषवारा छापून नेणार आहे, आणि या वेळी दवंडी पिढीपर्यंत जावी म्हणून ग्रामपंचायतीला लेखी पत्र दिलंय. तुमच्या गावात असाच ठराव येत असेल तर कळवा, गोषवारा पाठवते. आणि तुमच्या घरात कुणाला उर्दू किंवा मोडी दप्तर वाचता येत असेल, निजामकाळातलं, तर आधी कळवा. तीन कुटुंबांचे दाखले त्यावाचून अडलेत.