पिवळ्याआधीचं हिरवं

हळदीच्या झाडाशेजारून दिवसातून दहा वेळा गेलं तरी नाकाला काही कळत नाही. मोगरा, रातराणी, सोनटक्का यांचं तसं नसतं, ती दारातूनच हाक मारतात. हळदीचं पान तोडून हातात घेतलं तरी फार तर ओल्या गवतासारखं काहीतरी जाणवतं. कडेचा तुकडा बोटांत चुरगाळला की थोडा वास सुटतो. पण हेच पान मोदकपात्रात वाफेवर ठेवलं, की पाच-सात मिनिटांत शेजारच्या बिऱ्हाडाला कळतं, आज पातोळ्या आहेत.

हा वास आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या हळदीचा नव्हे. गड्ड्यातल्या तेलात टर्मेरोन जातीची द्रव्यं मुख्य असतात, त्यामुळे त्याला मातकट, कडवट वास येतो. पानाच्या तेलात फेलँड्रीन नावाचं द्रव्य बरंच असतं. शेपूच्या पाल्यातही तेच असतं, हे शेपूला नाकं मुरडणाऱ्यांना सांगू नये. ही तेलं उडून जाणारी. उघड्या कढईत पान टाकलं तर वास आधी खोलीत जातो आणि पदार्थाच्या वाट्याला थोडाच उरतो. झाकण लावलेल्या वाफेत तो आतल्या आत फिरतो आणि तांदळाच्या पिठात मुरतो. म्हणून हळदीच्या पानाचे आपल्याकडचे गाजलेले पदार्थ वाफेवरचे आहेत.

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. देशावर मग पुरणाचे दिंड उकडतात, कोकणात आणि गोव्यात पातोळ्या. गोव्यातली ख्रिस्ती घरं १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या फेस्ताला त्याच करतात, सारणात माडाचा काळा गूळ घालून. दोन्ही सणांत हळदीचं पान आलं ते पंचांगापेक्षा पावसामुळे. जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत ते पुरतं रुंद आणि तरीही कोवळं असतं. ऑक्टोबरनंतर पानं जून होतात, टोकं करपतात, दुमडताना चिरतात.

बाजारात पेंडी घेताना फसगत होऊ शकते. कर्दळीचं पान लांबून तसंच दिसतं आणि त्याला वास शून्य. आंबेहळदीचं पान तर जुळ्या बहिणीसारखं, पण चुरगाळलं की कैरीचा वास येतो. त्यात केलेली पातोळी वाईट नसते, पण ती पातोळी वाटत नाही. तेव्हा विकणाऱ्या मावशींनी डोळे वटारले तरी एका पानाची कड मोडून हुंगावी. पानं आणल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की चार दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये ती काळपट, लुळी पडतात, पण वास बऱ्यापैकी राखतात. वाळवली की मात्र कामातून गेली.

आता पातोळ्या. दहा-बारा मध्यम पातोळ्यांना दोन वाट्या तांदळाचं बारीक पीठ, दोन वाट्या खवलेलं ओलं खोबरं आणि एक वाटी चिरलेला गूळ पुरतो. तांदूळ आंबेमोहर असावा किंवा साधा कोलम. बासमतीचं पीठ वापरू नये, त्याचा स्वतःचा वास पानाशी भांडतो. त्याच कारणाने सारणात वेलचीही घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मोदकाला वेलची लागते, कारण मोदकाला पान नसतं. जायफळ किसणीवर दोनदा घासलं तर चालेल.

गूळ-खोबरं मंद आचेवर एकत्र शिजवायचं आणि गूळ विरघळून सारण कडेनं सुटू लागलं की लगेच उतरवायचं. ओलसर राहिलं तर वाफेत गुळाचं पाणी सुटतं, घडीच्या कडेनं वाहतं आणि खालच्या पातोळ्या तपकिरी, चिकट होतात. जास्त आटवलं तर गार झाल्यावर चिक्कीच.

पिठात चिमूट मीठ, चमचाभर तूप आणि कोमट पाणी. पाणी दीड वाटीपासून सुरू करावं, पुढचं चमच्याचमच्याने. भज्याच्या पिठाहून घट्ट आणि थालीपिठाच्या गोळ्याहून सैल, बोटांनी थापलं की पसरावं पण पान तिरकं धरलं तरी ओघळू नये, इतपत. तांदूळ चार-पाच तास भिजवून वाटले तर पातोळी आणखी मऊ होते. फक्त वाटताना पाणी हात राखून, कारण मिक्सरचं भांडं फिरेना म्हणून ओतलेलं पाणी परत काढता येत नाही.

पान धुऊन पुसून घ्यायचं. ओलं राहिलं तर पीठ घसरतं. लांब पानाचे वीतभर लांबीचे तुकडे करायचे. नागपंचमीचा नियम कडक पाळायचा तर सुरी न लावता हातानेच. (खोबरं आदल्या दिवशी खवून ठेवलेलं असतंच, नियम असा शाबूत राहतो.) पानाच्या वरच्या गुळगुळीत बाजूला मधल्या शिरेची पन्हळ असते आणि खालच्या बाजूला तीच शीर उंचवटा होऊन येते. पीठ पन्हळीच्या बाजूला लावायचं, कारण पान वहीसारखं त्या बाजूलाच मिटतं. उलटं मिटायला गेलं की शिरेवर तडकतं. बोटं पाण्यात बुडवून पीठ पातळ थापायचं, कडेला बोटभर पान मोकळं ठेवून. जाड थापलं की कच्चट लागतं आणि सारणाची चव हरवते. सारण एकाच अर्ध्या भागावर पसरायचं, दुसरा भाग त्यावर मिटायचा, कडा हलक्या दाबायच्या.

मोदकपात्रातलं पाणी आधी खळखळ उकळलेलं हवं. गार पाण्यावर ठेवलेल्या पातोळ्यांचं पीठ वाफ येईपर्यंत पानाला चिकटून बसतं. एकावर एक रचू नयेत, थोड्या तिरक्या, टेकून ठेवाव्यात. मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. पानाचा पोपटी रंग जाऊन ओल्या मेंदीसारखा झाला की झालं. मग झाकण काढून पाच मिनिटं थांबणं हा सगळ्यात अवघड भाग. गरम असतानाच पान ओढलं तर पातोळीचा पापुद्रा पानाबरोबर जातो. थोडं निवल्यावर ते आपणहून सुटतं आणि पांढऱ्या पिठावर पानाच्या बारीक समांतर शिरांचा ठसा उरतो, तिरक्या रेघांनी भरलेला, जणू कुणी कंगवा फिरवला आहे. हळदीच्या घरातला हा पदार्थ, पण पिवळ्या रंगाचा त्यात ठिपका नाही. वर तुपाची धार.

तवसं किसून, त्याच्याच पाण्यात तांदळाचा रवा आणि गूळ कालवून पानात उकडलेले काकडीचे पातोळे हा सोपा प्रकार. सारण भरण्याचा घाट नको असेल तेव्हा हाच करावा. आपल्याखेरीज या पानाचे असे भक्त सुमात्रात आहेत. तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या रेंदांगमध्ये मटण किंवा बीफ नारळाच्या दुधात तासन्‌तास आटतं, त्यात हळदीचं पान गाठ मारून टाकलेलं असतं.

पान विकत मिळतं ते सणापुरतं. एरवी हवं तर कुंडी लावणं बरं. इथे पहिली चूक बहुतेक सगळे करतात: डब्यातलं पूजेचं हळकुंड मातीत पुरतात आणि महिनाभर पाणी घालत बसतात. ते उगवणार नाही. शेतातून काढलेली हळद दोन-तीन दिवसांत उकडतात, हल्ली वाफेच्या कुकरमध्ये. त्याने कोंबाचे डोळे मरतात, आतला रंग सारखा पसरतो आणि वाळवण लवकर होतं. मग दहा-पंधरा दिवस ऊन आणि शेवटी ड्रममध्ये घासून पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळकी उरते. म्हणजे दुकानातलं हळकुंड पुरणं हे उकडलेला बटाटा लावण्यासारखंच.

लावायला ओली हळद हवी. ती डिसेंबर ते फेब्रुवारीत भाजीवाल्याकडे लोणच्यासाठी येते. तेव्हाच टणक, फुगीर डोळ्यांचे गड्डे निवडून कोरड्या वाळूत, सावलीत ठेवावेत. सांगलीकडचे शेतकरी बेण्याला मधले जेठे गड्डे पसंत करतात, कुंडीला तीस-चाळीस ग्रॅमची दोन बोटं, म्हणजे गड्ड्याला फुटलेले लांबट तुकडे, पुरतात. मुहूर्त अक्षय्यतृतीयेचा. तेव्हा लावली तर नागपंचमीला पहिली पानं मिळतात, जूनमध्ये लावली तर गणपतीलाही तारांबळ. कुंडी निदान बारा इंच रुंद आणि तितकीच खोल असावी. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. डोळे वर करून दोन इंच खोल.

मग तीन-चार आठवडे काहीच दिसत नाही आणि याच काळात माणूस हळद मारतो, पाणी घालून. गड्ड्याला अजून मुळं नसतात, ते पाणी पिणार कोण? ते साठतं आणि गड्डा कुजतो. कोंब दिसेपर्यंत चार-पाच दिवसांनी थोडं शिंपडलं तरी पुरे. पावसाळ्यात तोच धोका कुंडीखालच्या ताटलीचा. खालची पानं कडेने पिवळी पडू लागली आणि खोड धरून हलकं ओढताच हातात आलं, तर कंदकूज झाली असं समजावं. ती कुंडी वाचत नाही. बाकीच्या कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे भोकं मोकळी राहतात.

सकाळचं चार तास ऊन चांगलं. दुपारच्या उन्हात टोकं जळतात. थोडी सावली असली तर पान उलट रुंद होतं, आणि आपल्याला पानच हवं आहे. अडीच-तीन महिन्यांनी गड्डे मातीतून डोकावतात. तेव्हा दोन इंच खत-माती वर घालावी. शेतात याला भरणी म्हणतात. ती चुकली की उघडे गड्डे हिरवे पडतात आणि वाढ थांबते.

पान तोडायची रीत आहे. ज्याला आपण खोड म्हणतो ते खोड नसतंच, पानांच्या देठांची एकात एक गुंडाळलेली सुरळी असते. पान खाली ओढून सोललं तर ती सुरळी फाटते, आत पावसाचं पाणी जातं. इंचभर देठ ठेवून कात्रीने कापावं. वरची कोवळी दोन सोडून त्याखालचं एक, तेही एका फुटव्यावरून एकच. गड्डा पोसतो तो पानांवर. सणाच्या भरात झाड बोडकं केलं तर जानेवारीत मातीत करंगळीएवढी बोटं मिळतात.

पावसाळा सरता सरता कधी पानांच्या मधून फुलाचा दांडा वर येतो. पांढरट-हिरव्या पाकळ्यांसारखं जे दिसतं ती पुष्पपत्रं. खरी फुलं त्यांच्या खोबणीत, फिकट पिवळी, छोटी, दिवसभरात मान टाकणारी. सह्याद्रीतल्या रानहळदीचा गुलाबी तुरा यापेक्षा कितीतरी देखणा. शिवाय आपल्या हळदीला बी सहसा धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यांची जोडी नीट जमत नाही. त्यामुळे आज शेतात किंवा कुंडीत उभी असलेली हळद आधीच्या हळदीचाच मोडलेला तुकडा आहे, आणि तो कुणीतरी हाताने लावलेला आहे.

डिसेंबरनंतर पानं आपणहून पिवळी पडून लोळतात. पाणी बंद करावं, पंधरा दिवस माती वाळू द्यावी, मग कुंडी उलटी करावी. चांगल्या कुंडीत पाव ते अर्धा किलो निघते. साफ करताना बोटं पिवळी होतात, साबण लावला की लालसर, कारण साबण क्षारयुक्त असतो. हळदीला चुना लावून कुंकू होतं तेही यामुळेच. घाबरून आणखी साबण घासू नये. कपड्यावर डाग पडला असेल तर धुऊन उन्हात टाकावा, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. निघालेल्यातली टणक, ठळक डोळ्यांची चार बोटं आधी बाजूला काढून वाळूच्या डब्यात ठेवावीत. मग उरलेल्याचं लोणचं.