चिनी पंखा हातात घेतला की आधी काड्या बघा

मी राहते त्या पूर्व चीनमधल्या सुझौ शहरात जुलै-ऑगस्टला जो उकाडा असतो तो सांगून कळणार नाही, हवा हलतच नाही, कालव्याच्या काठानं चाललं तरी घामाच्या धारा. आणि घराघरात एसी असूनही इथल्या लोकांच्या हातातला पंखा काही सुटलेला नाही. गल्लीत खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांकडे ताडपत्रासारख्या पानाचा मोठा पंखा, पिंगजियांग रस्त्यावर जुन्या पद्धतीचे कपडे घालून फोटो काढणाऱ्या मुलींकडे रेशमाचा गोल पंखा, आणि चहाच्या दुकानात बसलेल्या काकांच्या हातात घडीचा. घरच्यांनी कितीदा विचारलंय की तिकडून खास असं काय आणशील, तर माझं उत्तर पंखाच. पण त्यावर नीट लिहायचं राहून जात होतं, म्हणून आज हे.

आपण चिनी पंखा म्हटलं की घडीचा, उघडला की अर्धगोल, तोच डोळ्यासमोर आणतो. पण चीनमध्ये हजार-बाराशे वर्षं तरी घडीचा पंखा नव्हताच! होता तो न मिटणारा, दांडीचा. १९७२ साली छांगशा शहराजवळ मावांगदुईला हान काळातल्या एका सरदार घराण्यातल्या बाईची कबर उघडली, दोन हजार वर्षांपूर्वीची, त्यात बांबूच्या पट्ट्यांनी विणलेला लांब दांडीचा पंखा निघाला, जवळजवळ पावणेदोन मीटरचा. म्हणजे हा बाईंनी स्वतः हलवायचा नव्हताच, सेवकानं मागे उभं राहून वारा घालायचा. नंतर रेशमाचा गोल पंखा आला आणि त्याच्यावर कविता आली. हान सम्राट छंग याच्या दरबारात बान चियेयू नावाची राणी होती, राजाची मर्जी दुसरीकडे वळल्यावर तिनं लिहिली असं मानतात ती कविता अशी की, बर्फासारख्या शुभ्र रेशमाचा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल पंखा उन्हाळाभर मालकाच्या हातात असतो आणि शरद आला की पेटीत टाकून विसरतात. तेव्हापासून आजपर्यंत चिनी साहित्यात शरदातला पंखा म्हणजे टाकून दिलेली बाई. दोन हजार वर्षं एक उपमा टिकते, मला हे फार भारी वाटतं.

आणखी एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते. चौथ्या शतकात वांग शीझी नावाचा मोठा सुलेखनकार होऊन गेला, चीनचा सगळ्यात मोठा म्हणा ना. त्याला शाओशिंगमध्ये एक म्हातारी बांबूचे षटकोनी पंखे विकताना दिसली. त्यानं ब्रश घेऊन तिच्या प्रत्येक पंख्यावर पाच-पाच अक्षरं लिहिली. म्हातारी चिडली, तर तो म्हणाला, फक्त एवढंच सांग की हे वांगसाहेबांनी लिहिलंय आणि शंभर नाणी माग. पंखे भराभर खपले. शाओशिंगमध्ये त्या प्रसंगाच्या नावाचा पूल अजून आहे.

घडीचा पंखा आला जपानमधून, सोंग काळात (९६० ते १२७९), काही थेट आणि काही कोरियामार्गे, भेटवस्तू म्हणून. पण खरा पसरला मिंग काळात, योंगल सम्राटाला (१४०२ ते १४२४) तो आवडला आणि त्यानं दरबारात बनवायला लावले म्हणून. मग सुझौचे चित्रकार त्याच्यावर तुटून पडले. शेन झौ, वेन झेंगमिंग, तांग यिन ही नावं इथे लहान मुलांना पण माहीत असतात आणि ह्या सगळ्यांनी पंख्यांवर चित्रं काढली आहेत, सोनेरी कागदावर सुद्धा. विद्वान माणूस पंखा बाहीत ठेवायचा, मित्र भेटला की काढून दाखवायचा, एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच कोणाच्या हातची कविता. इतकं की पंखा झिजला तर कागद उतरवून अल्बममध्ये चिकटवून जपायचे, आज म्युझियममध्ये काड्यांच्या घड्यांचे वण असलेली जी चित्रं दिसतात ती हीच.

पण आता खरं सांगते, मला इथे राहून जे कळलं ते असं की जाणकार माणूस पंखा हातात घेतल्यावर आधी चित्र बघतच नाही. तो पंखा मिटलेलाच ठेवतो, बाहेरच्या दोन जाड पट्ट्यांवरून अंगठा फिरवतो, खालचं टोक बघतो, मग अर्धवट उघडून परत मिटतो आणि ऐकतो. कागद नंतर बदलता येतो, इथे रिकाम्या काड्या वेगळ्या आणि चित्राचा कागद वेगळा विकत घेऊन जोडून घेणारे लोक आहेत. काड्या मात्र एकदा जमल्या की जन्मभर.

सुझौच्या शीबेइ रस्त्यावर हस्तकलांचं एक सरकारी म्युझियम आहे, जुन्या वाड्यात, तिथे पंख्यांचं दालन जरूर बघा. पण काड्यांचं काम समोर बघायचं तर कारागिराच्या टेबलापाशीच उभं राहावं लागतं. बांबू उकळून, वाळवून, वर्षानुवर्षं साठवून ठेवलेला असतो, नाहीतर नंतर वाकतो. त्याच्या पातळ काड्या एका मापाच्या करून, एकत्र धरून, कानशीनं घासतात, आणि शेवटचं पॉलिश सँडपेपरनं नाही तर एका खरखरीत वाळलेल्या गवतानं आणि मग मेणानं. खाली सगळ्या काड्या जिथे एकत्र येतात तिथला खिळा लोखंडाचा नसतो, म्हशीच्या शिंगाचा असतो! भोकातून शिंगाची बारीक सळई घालून, जास्तीची कापून, टोक तापवलेल्या अवजारानं दाबतात, ते वितळल्यासारखं पसरून काळ्या टिकलीसारखं बसतं. खिळा घट्ट झाला तर पंखा उघडत नाही, सैल झाला तर खुळखुळतो, आणि हे सगळं हाताच्या अंदाजानं. बाहेरच्या पट्टीवर कोरीवकाम असेल तर त्यात सगळ्यात सुंदर प्रकार म्हणजे बांबूची वरची हिरवी साल चित्रापुरती ठेवून बाकी खरवडून काढायची. सुरुवातीला फरक कळत पण नाही, पण जसजशी वर्षं जातात आणि हाताचं तेल मुरतं तसतसा खालचा भाग लालसर होत जातो आणि सालीचं चित्र फिकट राहून उठून दिसतं, म्हणजे वापरणाराच चित्र पूर्ण करतो.

चंदनाचे पंखे हा सुझौचाच दुसरा प्रकार, गेल्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. कागद नाहीच, नुसत्या चंदनाच्या पातळ पट्ट्या रेशमी फितीनं ओवलेल्या, आणि त्यात तारेच्या करवतीनं अशी जाळी कापलेली की उजेडाला धरलं तर लेससारखी दिसते. ह्याचं सगळ्यात नावाजलेलं लाकूड आपल्याकडचं, म्हैसूरकडचं चंदन. आपल्या झाडाला इथे एवढा मान आहे हे ऐकून ऊर भरून येतो. आता भारतातून त्या लाकडाच्या निर्यातीवर कडक बंधनं आहेत आणि अस्सल पंखा महाग आहे, टुरिस्ट गल्लीत स्वस्तात मिळतो तो दुसऱ्या लाकडावर सेंट मारलेला.

मुंबईशी एक जुना धागा पण आहे. १७५७ ते १८४२ युरोपियन व्यापार फक्त ग्वांगझौच्या बंदरातून चालायचा आणि तिथे मुंबईचे पारशी व्यापारीही होते, जमशेटजी जीजीभॉयसुद्धा चीनच्या सफरी करून आले. पारशी बायकांच्या गारा साड्यांची भरतकामाची कला त्याच व्यापारातून आली. त्या बंदरातून हस्तिदंती पंखे परदेशी जायचे, मधोमध गिऱ्हाइकाची आद्याक्षरं कोरायला जागा मोकळी सोडलेली. कारागिरी अफाट आहे पण हत्तींचा विचार आला की मला ते बघवत नाहीत, बांबू हजारपट बरा.

हांगझौला गेलात तर काळा पंखा बघा. वांग शिंग जी हे दुकान १८७५ पासूनचं. तुतीच्या सालीच्या कागदावर कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाचे हात देऊन तो कागद काळा आणि चिवट करतात, पावसात भिजला तरी फाटत नाही, उन्हात वाकत नाही, म्हणून तिकडे म्हणतात की एक पंखा म्हणजे अर्धी छत्री. दिसायला साधा, पण रोजच्या वापराला माझी पसंती त्यालाच.

घ्यायला जाल तेव्हा पंखा पूर्ण मिटून दोन्ही पट्ट्यांमध्ये फट दिसते का बघा, उघडताना फटकन झटकू नका (ते नाटकवाल्यांसाठी), एका अंगठ्यानं घडी-घडी सरकवा. कागदाच्या घड्या एकसारख्या पडत असतील, मिटताना कुठलीच काडी बाहेर डोकावत नसेल आणि खालचा खिळा हलत नसेल तर चित्र साधं असलं तरी बिनधास्त घ्या.