पंचांगातलं घबाड म्हणजे नेमकं काय

नागपूरच्या महाल भागात आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, पाडव्याच्या आधी पंचांग घ्यायला आलेलं कोणी ना कोणी पानं चाळता चाळता विचारतेच, काहो भाऊ, हे मधेमधे ‘घबाड’ काय लिहून राहते, छापा पडला का कुठं? हसू येते पण त्यांचंही चूक नाही, पेपर उघडला की घबाड म्हणजे लाचलुचपतवाल्यांनी कोण्या साहेबाच्या दिवाणातून काढलेल्या नोटाच.

तर बाप्पा, ते एका मुहूर्ताचं नाव आहे, लाभाच्या. आणि त्याचा हिशोब तुम्ही घरी बसून करू शकता, ज्योतिषी नाही लागत. सूर्य ज्या नक्षत्रात आहे तिथून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, दोन्ही धरून. आकडा तिनानं गुणायचा, त्यात शुक्ल प्रतिपदेपासूनची तिथी मिळवायची, सातानं भागायचं, बाकी 3 उरली की घबाड. समजा सूर्य अश्विनीत, चंद्र रोहिणीत, तिथी शुक्ल पंचमी. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, झाले 4. चार त्रिक 12, त्यात 5, झाले 17. सातानं भागा, उरले 3. लागलं घबाड! वद्य पक्ष असला तर तिथीत आधी 15 मिळवून घ्या, वद्य द्वितीया म्हणजे 17, लोक इथंच गडबडतात.

पंचांगात काय न बोलण्यात काय, मतलब तोच, ध्यानीमनी नसताना झालेला मोठा लाभ. गंमत अशी की घबाड कोणी ‘कमावलं’ म्हणत नाही, ते लागते, सापडते, हाती येते. लॉटरीचं तसं नाही, सरकारी लॉटरी आपल्याकडं 1969 पासून आहे पण तिथं तिकिटाला पैसे मोडावे लागतात म्हणजे आशा करून बसावं लागते, घबाडात आशाच नसते. साहेबाच्या दिवाणातल्या नोटांना तर मी घबाड म्हणतच नाही, साहेबानं रोज थोडे थोडे मोजून ठेवलेले पैसे अचानक कसे झाले? अचानक फक्त छापा.

आणि लग्न, मुंज, वास्तूसाठी हे घबाड पाहू नका, त्याचे मुहूर्त पंचांगात वेगळे दिलेले असतात. दुकान उघडायचं, सोनं घ्यायचं असन तर पाहा, भाव मात्र इतवारीच्या सराफ्यात विचारून घ्या.