लेटेक्सची गादी आणि बाथरूममधला वजनकाटा

आमच्या जुन्या फोमच्या गादीत दोन खड्डे पडले होते. एक माझा, एक नवऱ्याचा, आणि मध्ये टेकडी. मी कुशीवर झोपणारी, तो उताणा. सकाळी माझा डावा हात खांद्यापासून बधिर असायचा आणि त्याची कंबर धरलेली. आता लेटेक्सचीच घ्यायची, असं ठरवून टाकलं. ठरवलं तेव्हा लेटेक्स म्हणजे नेमकं काय, हे दोघांनाही धड माहीत नव्हतं.

पहिला आठवडा शब्दांचे अर्थ लावण्यातच गेला. रबराच्या झाडाच्या चिकापासून होतं ते नैसर्गिक लेटेक्स. पेट्रोलियमपासून करतात ते कृत्रिम. आणि बाजारात या दोन्हींचं मिश्रणही भरपूर. त्यामुळे 'शंभर टक्के लेटेक्स' असं लिहिलेल्या गादीत झाडाच्या चिकाचा थेंबही नसू शकतो, आणि तरी ते वाक्य खोटं ठरत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे नुसतीच 'लेटेक्स गादी'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

असाच एक वाळा आमच्या गळ्यात पडणार होता. ७८ बाय ६० इंचांची, सहा इंच जाडीची 'नैसर्गिक लेटेक्स' गादी ऑनलाइन दिसली. किंमत इतरांच्या जवळपास निम्मी, फोटो झकास. पैसे भरायच्या आधी सहज खाली पाहिलं, तर पार्सलचं वजन दिलं होतं: २० किलो. इथे मला शंका आली. लेटेक्स जड असतं, हे तोवर कळलं होतं. डनलॉप पद्धतीच्या लेटेक्सची घनता साधारण घनमीटरला ८० किलोच्या आसपास धरता येते. कागद घेऊन इंचांचे मीटर केले. १.९८ गुणिले १.५२ गुणिले ०.१५, म्हणजे जेमतेम ०.४५ घनमीटर. त्याला ८० ने गुणलं तर ३६ किलो. खोळ धरून आणखी जास्त. मग उरलेले सोळा किलो गेले कुठे?

फोन केला. आधी 'हाय क्वालिटी मटेरियल' वगैरे झालं. मी वजनाचा हिशोब सांगितल्यावर पलीकडचा मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, वरचा एक इंच लेटेक्स आहे. खाली सपोर्ट फोम." म्हणजे आमच्या जुन्या गादीचीच थोरली बहीण, वरून लेटेक्सची शाल पांघरलेली. त्यानंतर मी प्रत्येक विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारलाच नाही. खोळ सोडून वजन किती, हे विचारलं. (रबर लावलेला काथ्या आत असेल तर हा हिशोब फसतो, कारण तोही जड असतो. तिथे चेन उघडून बघण्याला पर्याय नाही.) ज्यांनी वजन सांगायला टाळाटाळ केली त्यांची नावं यादीतून खोडली. यादी भराभर आटोपली.

लेटेक्स बनवायच्या दोन पद्धती: डनलॉप आणि टॅलाले. यातली कुठली चांगली, यावर लोक तावातावाने बोलतात. डनलॉपमध्ये फेसाळलेला चीक साच्यात ओतून वाफेवर पक्का करतात. जड कण खाली बसतात, म्हणून खालची बाजू किंचित कडक. टॅलालेमध्ये साचा अर्धवट भरून हवा खेचून फेस फुगवतात, मग गोठवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवटी तापवतात. एवढे सोपस्कार म्हटल्यावर किंमत चढणारच. मी दोन्हींवर पडून पाहिलं. टॅलाले हलकं आणि जास्त उसळतं, हे खरं. पण त्या फरकासाठी तेवढे जास्त पैसे मोजावेत, असं माझ्या पाठीने काही सांगितलं नाही. डनलॉप पक्कं केलं.

प्रमाणपत्रांचंही तसंच. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे घातक रसायनांची तपासणी झाली आहे. माल नैसर्गिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. कृत्रिम लेटेक्सलाही ते मिळू शकतं. एका दुकानदाराने ते 'नॅचरल असल्याचं सर्टिफिकेट' म्हणून कौतुकाने दाखवलं. सेंद्रिय लेटेक्ससाठी गॉल्स नावाचं वेगळं प्रमाणपत्र असतं. मला सेंद्रियचा आग्रह नव्हता, तिथे पैसे वाचले.

दुकानात गादीवर बसून दोनदा उड्या मारणं म्हणजे चाचणी नव्हे, हे दोन दुकानं फुकट घालवल्यावर उमगलं. तिसऱ्या दुकानात चपला काढून, घरची उशी घेऊन, सरळ पंधरा मिनिटं कुशीवर पडून राहिले. विक्रेता अवघडला, पण लाज सोडली. नवरा उताणा झोपला की मी त्याच्या कमरेखाली हात घालून बघायचे: हात आरपार मोकळा गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ.

एवढं करूनही चूक केलीच. आम्ही दोन-दोन इंचांचे तीन सुटे थर आणि वर चेनची खोळ, अशी गादी घेतली. लेटेक्सचा कडकपणा आयएलडीमध्ये मोजतात, म्हणजे ठरावीक चकतीने फोम २५ टक्के दाबायला किती जोर लागतो ते. साधारण २० मऊ, ३५ च्या पुढे कडक. 'कडक गादी पाठीला चांगली' हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून दुकानातल्या पंधरा मिनिटांचा अनुभव बाजूला ठेवून मी खालचे दोन थर कडक आणि वरचा मध्यम मागवला.

गादी आली ती तीन गुंडाळ्यांत. नवऱ्याने बाथरूममधला वजनकाटा आणला, आधी एकटा उभा राहिला, मग एकेक गुंडाळी कवटाळून. प्रत्येक फेरीला साधारण १२ किलो वाढत होते. हिशोब जुळला! थर उलगडताना मात्र धांदल उडाली. सुट्या लेटेक्सला धरायला काहीच नसतं, ते हातातून ओघळतं, आणि कोपरा धरून ओढलं तर फाटू शकतं. चादरीवर घेऊन सरकवलं. फुग्यासारखा गोडसर वास आठवडाभर राहिला. तो घालवायला गादी उन्हात टाकणार होतो, पण उन्हाने लेटेक्स पिवळं पडून भुगा व्हायला लागतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून पंखाच लावला.

दहा दिवसांत नवऱ्याची कंबर खूश झाली. माझा खांदा मात्र तसाच, हात तसाच बधिर. तेव्हा कुठे नीट वाचायला बसले. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात कंबरदुखीच्या ३१३ जणांना कडक आणि मध्यम-कडक गाद्या दिल्या होत्या. फायदा मध्यम-कडकवाल्यांना जास्त झाला. आणि मी तर कुशीवर झोपणारी, माझा खांदा आत रुतायला जागाच नव्हती.

सुट्या थरांचा इथे फायदा झाला. अख्खी गादी परत न पाठवता एकच कडक थर बदलून मऊ घेतला, जाण्यायेण्याचा खर्च आम्ही भरला. आता खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. तिसऱ्या रात्रीनंतर हात शाबूत.

तक्रार एकच उरली आहे. चादर खोचायला कोपरा उचलायचा तर अख्खी गादी अंगावर येते. चाळीस किलोंच्या या पाहुणीला एका हाताने कसं उचलायचं, हे आम्हाला अजून जमलेलं नाही, म्हणून चादर बदलायची दोघं घरी असतील तेव्हाच.