पुकारा

आत्याच्या वाटपाच्या दाव्याची तारीख असली की सोबतीला मी जातो. मध्यंतरी कोर्ट जुन्या कौलारू इमारतीतून नव्या पाच मजली इमारतीत गेलं. इमारत देखणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. दर्शनी बाजूला उंच खांब, आत लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, बायकांसाठी धड स्वच्छतागृह. फरशी इतकी लखलखीत की पहिल्या दिवशी आत्या दारातच थबकली आणि म्हणाली, "चपला इथंच काढायच्या का रे?"

गोची एकच झाली. पुकारा ऐकू येत नाही.

जुन्या कोर्टात शिपाई व्हरांड्याच्या कठड्याशी यायचा आणि पक्षकारांची नावं अशी ताणून घ्यायचा की लिंबाखाली चहा पिणाराही अर्धा कप ठेवून पळत यायचा. नव्या इमारतीत त्याच शिपायाचा आवाज ग्रॅनाइटवर आपटतो, काचेवरून परततो आणि शेजारच्या कोर्टाच्या पुकाऱ्यात मिसळतो. पाटील आणि पाटोळे एकदमच आत जातात. मागच्या तारखेला आमचं नाव तीनदा घेतलं म्हणे. आम्ही दारापासून पंधरा पावलांवर उभे होतो. वकीलसाहेब धावत आले म्हणून निभावलं. भिंतीवर पडदा आहे, त्यावर नंबर सरकतात, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्या असल्या पडद्यांकडे बघतच नाही.

गंमत म्हणजे इथल्या कामाला आपण म्हणतो सुनावणी. सगळा कानाचा मामला. चर्चा मात्र कायम डोळ्यांची. मुंबई हायकोर्टाच्या 1878च्या इमारतीत एक दगडी माकड आहे, हातात तराजू आणि एकाच डोळ्यावर पट्टी. लोक ते शोधून दाखवतात. 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातली न्यायदेवतेची नवी मूर्ती चर्चेत आली, डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं. पट्टी हवी की नको यावर आठवडाभर वाद झाले. देवीच्या कानांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

चंदीगडचं हायकोर्ट मी बाहेरून पाहिलंय. इमारत वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएची, कोर्ट तिथं 1955 साली सुरू झालं. मुख्य दाराशी हिरवे, पिवळे, लाल असे अजस्र खांब आणि सगळ्यावर छत्रीसारखं उचललेलं दुसरं छप्पर, दोन्हींच्या मधून वारा खेळता राहावा म्हणून. उघड्या काँक्रीटची ती इमारत मला थोडी दमदाटी करणारी वाटली, खोटं कशाला बोलू. पण एका गोष्टीसाठी त्या माणसाला मानलं. काँक्रीटच्या खोलीत आवाज घुमणार हे ओळखून त्यानं न्यायाधीशांच्या मागच्या भिंतींसाठी लोकरी पडदे आखले आणि काश्मीरच्या विणकरांकडून विणून घेतले. एकूण नऊ: आठ प्रत्येकी 64 चौरस मीटरचे, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या कोर्टातला तब्बल 144 चौरस मीटरचा. रंगीत चित्रं म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण त्यांचं एक मोठं काम आवाज पिऊन टाकायचं. साक्षीदार काय बोलला ते कळावं म्हणून एवढी लोकर!

आमच्याकडे लोकर नको, निदान छताला आवाज शोषणाऱ्या साध्या पाट्या लावल्या असत्या तरी चाललं असतं. आणि बाहेर एक व्हरांडा. नव्या नकाशात वाहनतळ आहे, वकिलांची बाररूम आहे, पण दिवसभर ताटकळणाऱ्या माणसाला टेकायला कठडा नाही. लिंब वाहनतळात गेला.

आता आत्यानं स्वतःचा बंदोबस्त केलाय. सकाळी साडेदहालाच ती कोर्टाच्या दाराला पाठ लावून पायरीवर बसते, पदर कानामागे सारून. शिपायाला ती तिथं बसलेली सवयीची झालीय. तो वाकून तिच्या कानाशी नाव सांगतो. परवा आतून बाहेर आलो तर लगेच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"पुढची तारीख दिली, आत्या."

"ते मला ऐकू आलं. कितीची?"