हाम्बाखच्या काठावरची धूळ

एल्सडॉर्फ गावाबाहेर शेतं संपतात आणि पुढे जमीनच संपते. जर्मनीतल्या हाम्बाखच्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणीच्या काठावर उभा राहिलो, तेव्हा बराच वेळ नजरेला अंदाजच येईना. वाळू-मातीच्या भल्यामोठ्या पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, तळाशी काळपट पट्टा. खोली ४०० मीटरच्या आसपास. मधल्या पायरीवर खेळण्याएवढं दिसणारं यंत्र ९६ मीटर उंचीचं आहे म्हणे! बादल्या लावलेलं त्याचं चाक दिवसाला २,४०,००० घनमीटर माल उपसू शकतं.

वारा खाणीकडून येत होता. कठड्यावर बोट फिरवलं, तर बोटाला फिकट तपकिरी धूळ लागली. चिमटीत चोळली. वाळूचे कण करकरले, उरलेलं पीठ बोटांच्या रेषांत मुरून दिसेनासं झालं. मला धास्ती त्या दिसेनाशा झालेल्याची वाटते. जाड कण नाकात, घशात अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले मात्र फुफ्फुसात खोलवर जातात, तिथून रक्तातही उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या बारीक कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती उगीच नाही.

इथे एक गोष्ट बरी आहे. थर भुसभुशीत असल्यामुळे सुरुंग लावावे लागत नाहीत आणि माल सरकत्या पट्ट्यांवरून वाहून नेतात. जिथे डंपर चालतात, तिथे सगळ्यात जास्त धुरळा चाकांखालच्या कच्च्या रस्त्यांवरूनच उठतो. सुरुंगांचा नायट्रोजन ऑक्साइडयुक्त धूर वेगळाच. तरी इथेही धूळ दाबायला पाण्याचे फवारे मारावेच लागतात. आणि हा कोळसा जळला की टनामागे जवळजवळ टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खाणीच्या हवेचा हिशोब काठावरच थांबवला तर तो अपुराच राहतो.

इथली सुपीक जमीन लोएसची, म्हणजे हिमयुगात वाऱ्याने आणून पसरलेल्या धुळीची. हजारो वर्षांत साचलेला तो थर खरवडून बाजूला काढायचा, मग खाली खणायचं. खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून भूजल सतत उपसायचं. खोदकाम १९७८ मध्ये सुरू झालं. गावं उठली, हाम्बाखच्या जुन्या जंगलाचा थोडकाच तुकडा उरला. २०१८ मध्ये न्यायालयाने तोड थांबवली नसती, तर तोही गेला असता.

दुपारी झोफीनह्योहं चढलो. खाणीतून निघालेल्या मातीचा हा डोंगर, आजूबाजूच्या सपाटीपेक्षा जवळपास २०० मीटर उंच. झाडं चांगली वाढलीत, पक्षीही बोलत होते, आणि लावणाऱ्यांची मेहनत मला मनापासून आवडली. पण सगळी झाडं माझ्याच पिढीची. वाकलेलं, पोखरलेलं, शेवाळलेलं म्हातारं झाड शोधत मी तासभर चाललो. एकही दिसलं नाही.