म्हंजी ही उचलच झाली की!

पुण्यात परदेशी स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला पोरांना मदत करते मी, त्यामुळे जून-जुलै म्हणजे आमचा सीझन. जास्त गर्दी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची, राज्य सरकारची आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी. सीटा फक्त 75 आणि युनिव्हर्सिटी क्यूएस रँकिंगमध्ये, म्हणजे जगातल्या युनिव्हर्सिटींच्या क्रमवारीत, पहिल्या 200 मधलीच पाहिजे.

एसओपी, म्हणजे का शिकायला जायचंय ते सांगणारे निबंध, मात्र सगळ्यांचे सारखेच, "लहानपणापासून माझं स्वप्न होतं..." अरे लहानपणी यातल्या निम्म्यांनी पासपोर्ट कसा दिसतो ते पण बघितलेलं नसतं! म्हणून मी आधी चहा मागवते आणि विचारते, खरं सांग, कशाला जायचंय. मग निघतं एकेक. हॉस्टेलचा सीनियर लीड्सला गेला, त्याचं स्टेटस बघून वाटलं की हा जाऊ शकतो तर मी का नाही. कुणाला एज्युकेशन लोन मिळत नाही कारण तारण ठेवायला जमीनच नाही. आणि बाबासाहेब 1913 ला सयाजीराव गायकवाडांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले हे तर जयंतीच्या भाषणांतून प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतंच.

त्या दिवशी बीडकडची एक मुलगी आली, सोबत आई. बीएस्सी नर्सिंग झालेलं, ग्लासगोला पब्लिक हेल्थच्या मास्टर्सची ऑफर हातात. एसओपी नेटवरून उचललेला, वाचताच कळलं. का जायचंय विचारलं तर आधी म्हणाली मामा स्थळं आणतोय, तेवढं वर्षभर तरी टळेल. (हे कारण पण खरंच असतं बरं का, मुली फक्त लिहीत नाहीत.)

तेवढ्यात आईने टेबलावरचं शिष्यवृत्तीचं हमीपत्र बघितलं आणि पोरीकडून वाचून घेतलं. म्हणाली, "म्हंजी ही उचलच झाली की ओ ताई. पोरगी मधीच माघारी आली तर फेडायची कुणी?" ऊसतोडीला जायचं तर मुकादमाकडून उचल घ्यायची आणि अख्खा हंगाम नवराबायकोनं, म्हणजे एका कोयत्यानं, ती फेडायची, हा तिचा आयुष्याचा हिशोब. हे कर्ज नाही, कोर्स नीट पूर्ण केला की फेडायचं काही नाही, हे समजवायला मला जाम वेळ लागला, तरी चेहऱ्यावर विश्वास काही दिसेना.

आई पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मुलगी बोलली. आईची गर्भपिशवी काढलेली, तिशीच्या आतच, पाळीमुळे खाडे नकोत आणि डॉक्टर म्हणाला पुढे कॅन्सर होईल म्हणून. 2019 ला बीडच्या या ऑपरेशनच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली, तेव्हा हिला कळलं की ही एकट्या आईची गोष्ट नाही. मी लगेच म्हटलं, अगं हेच लिही! ती सरळ नाही म्हणाली. "आईचं ऑपरेशन दाखवून सीट नको मॅडम. तिला विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणूनच नको." बरोबरच होतं तिचं. निवड करणाऱ्या कमिट्यांना दुःखाच्या गोष्टी आवडतात हे आम्हा गायडन्सवाल्यांच्या डोक्यात फार पक्कं बसलंय.

मग तिनं वेगळंच लिहिलं, माझ्या लॅपटॉपवर, तिथंच बसून. गरोदर बाईची नोंद गावातल्या आशाताईकडे, बाई कोल्हापूरकडच्या फडात, तिथल्या आरोग्य केंद्राच्या रजिस्टरला तिचं नावच नाही, मग तपासणी, लोहाच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण सगळं हंगाम संपेपर्यंत लटकलेलं. फिरत्या लोकांची नोंद त्यांच्यासोबत कशी फिरवायची, हे शिकायचंय. दीड पान, एकही मोठा शब्द नाही.

फक्त उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा निघाला, म्हणून तहसील गाठायला दोघी रात्रीच्या एसटीने परत गेल्या. नवीन दाखला तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला तो अर्धाच दिसत होता, परत मागवला.